भट्टी केवढी घ्यावी आणि दुकान कोणाला द्यावे

मी, या कागदांच्या शेवटी सही करणारी, वय त्र्याहत्तर, धंदा घरगुती धूरभट्ट्या करून विकणे, राहणार दुकानाच्याच मागच्या खोल्यांत, हे मृत्युपत्र दुकानाच्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत टाचला आहे. हे डॉक्टर म्हणजे तेच, ज्यांनी घरात नवरा-बायको दोघेच असताना वीस माणसांची भट्टी माझ्याशी वाद घालून नेली आणि आता तिच्यात बागेची रबरी नळी गुंडाळून ठेवतात. त्यांनी माझ्या डोक्याची खात्री द्यावी हे मी मुकाट्याने सोसले आहे.

माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणणारे होते, पण ते दमले.

याआधी लिहिलेली तीन मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले मी रागात लिहिले, दुसरे वकिलांनी लिहिले आणि तिसरे वाचून मलाच झोप आली. वकिलांचे म्हणणे असे की मृत्युपत्रात जुनी उणीदुणी काढू नयेत, कोणाला काय एवढेच लिहावे. मी त्यांना सांगितले की 'कोणाला काय' याच्यापुढे 'का' लिहिले नाही, तर माझ्यामागे ही माणसे एकमेकांना कारणे विचारत बसतील आणि सगळी चुकीची सांगतील. तेव्हा वकिलांनी हात टेकले आणि मला रेघांचे कागद आणून दिले.

खरा प्रश्न एकच आहे, तो आधीच लिहून टाकते. घर आणि ठेव यांचे काय करायचे ते मला पक्के ठाऊक आहे. दुकान कोणाला, हे अडले आहे. मला ते मुलीला द्यायचे आहे. मुलीने नऊ वर्षांपूर्वी सांगितले आहे की तिला माझ्याकडून काहीही नको. ती एकदा बोलली की बोलली. त्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे, आणि याचा मला फार त्रास झाला आहे.

कलम एक. धंद्याविषयी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धूरभट्टी म्हणजे जाड पत्र्याची झाकण असलेली पेटी. तिच्या एका अंगाला लाकडाचे ठोकळे मंद जळतात आणि दुसऱ्या अंगाला जाळीवर ठेवलेले मांस तासन्‌तास त्या धुरात आणि उबेत शिजते. गिऱ्हाइके तिला स्मोकर म्हणतात. म्हणोत बापडी.

माझे यजमान पत्र्याचे कारागीर. ते मागे वेल्डिंग करायचे आणि मी पुढे बसून गिऱ्हाइकाला माप ठरवून द्यायची. लोकांना वाटते, भट्टी तयार करणे अवघड असेल. ते सोपे आहे. अवघड काम माझ्याकडे होते. भट्टी केवढी घ्यावी हे माणसाच्या गळी उतरवता उतरवता माझे केस पांढरे झाले.

दुकानात शिरलेला प्रत्येक माणूस थेट सगळ्यात मोठ्या भट्टीपाशी जाऊन उभा राहतो आणि तिच्या झाकणावर हात ठेवतो. जसा काही तिचा फोटो काढायचा आहे. मग मी समजावते. मोठ्या पेटीत दोघांपुरते मांस टाकले की एवढे लोखंड तापवायलाच निम्मे लाकूड जाते. लाकूड वाचवायला आग बारीक ठेवली की ती नीट जळत नाही, नुसती धुमसते, आणि मग जो दाट पांढरा धूर निघतो त्याने मांस कडू होते. उलट लहान पेटीत दहाजणांचे कोंबले की तुकडे एकमेकांना चिकटतात, मधून धूर फिरत नाही आणि आतले कच्चे राहते. दोन तुकड्यांत दोन बोटे जागा हवी. बरगड्यांची अख्खी पट्टी न वाकवता जाळीवर आडवी मावायला हवी. झाकण एकट्याला एका हाताने उचलता यायला हवे, कारण दुसऱ्या हातात चिमटा असतो. यात काय कठीण आहे? पण नाही. "मोठी असलेली बरी, कधी लोक आले तर?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते ऐकले की माझी कानशिले तापतात.

म्हणून मी नियम केला. यजमानांनी उरलेल्या पत्र्याच्या वीस ताटल्या कापून दिल्या होत्या. गिऱ्हाईक आले की मी त्या त्याच्या हातात द्यायची आणि सांगायची, "मागच्या रविवारी तुमच्या घरी जे जे जेवले, त्यांच्या ताटल्या या टेबलावर मांडा." मागच्या रविवारी. पुढच्या नव्हे, एखाद्या समारंभाच्या दिवशी नव्हे. येणार आहेत त्यांची ताटली मांडायची नाही. जितक्या ताटल्या, त्या मापाची भट्टी: दोघांपर्यंत लहान, तिघांपासून सहाजणांपर्यंत मधली, त्यापुढे वीसजणांपर्यंत मोठी. लोक फार तक्रार करायचे. एकाने कुत्र्याची ताटली मांडली. मी विचारले, जेवला होता का? म्हणाला, सगळ्यांत जास्त. मी ती ताटली धरली, कारण नियम म्हणजे नियम.

हा नियम मी सगळ्यांना सारखा लावला. त्याचे काय झाले ते पुढे येईल.

कलम दोन. घर.

मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि अंगण माझ्या पश्चात थोरल्याला, म्हणजे माझ्या मुलाला मिळावे. तो लांब राहतो, कचेरीत मोठ्या जागेवर आहे आणि दर आठवड्याला फोन करून मला आराम करायला सांगतो.

"आई, विकून टाक ना ते सगळं. कशाला हवंय ते लोखंड आता?"

"लोखंड माझ्या डोक्यावर नाहीये, जमिनीवर आहे."

"तुझ्या बोलण्याला ना, काही अर्थच नसतो."

मनाने तो चांगला आहे. पण त्याने माझा मुलगा असून, या घरात वाढून, परक्या दुकानातून कपाटाएवढी भट्टी विकत घेतली. का? तर शेजाऱ्याची तेवढी होती. गॅलरीच्या दारातून ती मावेना म्हणून दाराची चौकट काढावी लागली. दोन वर्षांत ती दोनदा पेटली आणि दुसऱ्या वेळी वरच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली. आता सूनबाईने तिच्यात कुंड्या ठेवल्या आहेत. त्या घरात घेतलेला हा एकमेव शहाणा निर्णय आहे.

कलम तीन. बँकेतली ठेव.

सूनबाईला. कारण वर दिले आहे.

कलम चार. समोरच्या वखारवाल्याविषयी.

याला माझ्याकडून काहीही मिळू नये. माझ्या लहान भट्ट्यांना हाच लाकूड पुरवतो, आणि गेली काही वर्षे गिऱ्हाइके सांगत येतात की लहान भट्टी लाकूड फार खाते. त्याच्या आधी खात नव्हती. मी प्रत्येकाला सांगितले की लाकूड ओले असणार. वखारवाल्याला तोंडावरही सांगितले. तो म्हणाला, "माझं लाकूड दोन पावसाळे वाळलेलं असतं, काकू, हवं तर चावून बघा." मी चावून बघितले नाही. पण माझे मत तेच आहे, आणि वकिलांनी तीनदा विनंती करूनही मी ते इथे लिहीत आहे.

कलम पाच. हत्यारे आणि मापे.

वेल्डिंगचे यंत्र, पत्रा कापायची मोठी कात्री, ऐरण, घण, चिमटे आणि मुखवटा हे सगळे दुकानाबरोबर जावे, वेगळे करू नये. हत्यारे वाटली की कोणाच्याच कामाची राहत नाहीत. मापे कुठे लिहिलेली नाहीत, ती यजमानांच्या डोक्यात होती. मला जेवढी आठवतात तेवढी लिहिते. लहान भट्टी: जाळी सोळा इंच लांब, बारा रुंद, धुराड्याची नळी चार इंच. मधली: जाळी चोवीस बाय अठरा, नळी पाच. मोठी मी लिहीत नाही. ज्याला हवी त्याने आपल्या अक्कलहुशारीवर करावी.

सध्या मागे कामाला असलेला वेल्डर ही मापे पाळतो. पाळतो म्हणजे पट्टी लावून बघतो. जोड त्याचे वाकडे असतात आणि त्यांतून धूर गळतो. यजमान असते तर त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी चहा पाजून घरी पाठवले असते.

कलम सहा. माझ्या मुलीविषयी.

हे कलम मी चार वेळा लिहिले आणि चार वेळा फाडले. आता फाडणार नाही, कागद संपत आले आहेत.

मुलीला आम्ही ठिणगी म्हणतो. यजमानांनी ठेवलेले नाव. थोरला अभ्यास करायचा आणि ही मागे बापाजवळ बसून पत्रा कापायची. सोळाव्या वर्षी तिचा जोड बापापेक्षा सरळ होता, आणि ते तसे चारचौघांत सांगायचे. ते गेल्यावर तिने एकटीने मागचे सगळे काम सांभाळले. मी पुढे, ती मागे. धंदा बुडाला नाही तो तिच्यामुळे. हे मी तिला कधी सांगितले नाही. मला वाटले, तिला दिसते आहे.

मग तिचे लग्न झाले. ती आणि जावई इथून बसने चाळीस मिनिटांवर राहायला गेले. ती रोज येऊन काम करायची. एका शनिवारी ती जावयांना घेऊन पुढच्या दाराने आली, गिऱ्हाइकासारखी, आणि हसत म्हणाली, "आई, आम्हाला भट्टी हवीय. मधली."

दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइके होती. मी म्हणाले, "ताटल्या मांड."

तिने तीन ताटल्या मांडल्या. दोन मोकळ्या जागेत शेजारी शेजारी, आणि तिसरी त्यांच्या मध्ये, थोडी खाली. माझ्याकडे बघत होती. जावई छताकडे बघत होते. मी विचारले, "ही कोणाची?" ती म्हणाली, "ओळख." मी म्हणाले, "मागच्या रविवारी तिसरं कोण जेवलं?" ती म्हणाली, "अजून नाही जेवलं, पण—" आणि मी त्या दोन गिऱ्हाइकांच्या देखत ती तिसरी ताटली उचलली आणि गठ्ठ्यावर ठेवली. म्हणाले, "येणाऱ्याची मांडायची नाही. तुला माहीत नाही का?" आणि लहान भट्टी पुढे केली.

तिने ती घेतली. सोमवारी ती कामाला आली नाही. आठ दिवसांनी फोन आला.

"ती ताटली कोणाची होती ते सांगायचं राहिलं. मला दिवस गेलेत. तिसरा महिना संपत आलाय."

मला माझी चूक त्याच क्षणी कळली. आणि मी काय म्हणावे? मी म्हणाले, "अग मग अजून सहा-सात महिने आहेत. तोवर लहान पुरेल."

आजवर माझ्या तोंडून जे जे वाईट निघाले, त्यात हे सगळ्यात वाईट. ती म्हणाली, "ठीक आहे. मला तुझ्याकडून यापुढे काही नको." आणि फोन ठेवला.

नातीच्या जन्मानंतर मी एकदा विचारले, रविवारी जेवायला येऊ का? तिने सांगितले, "आई, भट्टी दोघांची आहे. आम्हीच तिघं आहोत. तुझाच नियम आहे." या नऊ वर्षांत मी तिच्या घरी जेवलेली नाही. ती महिन्यातून एकदा फोन करते, तब्येत विचारते, औषधे संपली का विचारते, आणि दोन मिनिटांत ठेवते. बँकेतली मुलगी बोलते तसे गोड बोलते. ती भांडली असती तर मला बरे वाटले असते. नात मला दोन वेळा दिसली, दोन्ही वेळा दुसऱ्यांच्या घरी. तिचे पुढचे दात पडलेले होते, आता आले असतील.

कोणी म्हणेल, मग तू मधली भट्टी बनवून पाठवून द्यायची होतीस. मीही नऊ वर्षे स्वतःला हेच म्हणते आहे. पाठवली असती तर नियम मोडला असता, असे मी इतरांना सांगते. खरे म्हणजे माझा हट्ट मोडला असता, आणि तो मला नियमापेक्षा प्यारा होता.

कलम सात. दुकान.

आता दुकानाचे. मी वकिलांना सांगितले की एक साक्षीदार डॉक्टर, आणि दुसरा साक्षीदार म्हणून मुलीचे नाव घाला. ते खुर्चीतून उठलेच.

"अहो, साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळत नाही! तिनं सही केली की दुकान तिच्या हातून गेलं."

"म्हणूनच."

"तुम्हाला तिला द्यायचंय की नाही द्यायचंय?"

"द्यायचंय. तिला हवंय का ते बघायचंय."

"मग विचारा ना तिला!"

वकील फार शिकलेले आहेत, पण आमच्या घरात ते कधी राहिलेले नाहीत. मी विचारले आणि ती 'नको' म्हणाली, तर ते 'नको' कायमचे. तोंडाने म्हटलेले ती मागे घेत नाही. हाताने काय करते ते बघायचे आहे.

तेव्हा मी फोन केला. म्हणाले, मृत्युपत्रावर साक्षीदार हवा आहे, येशील का? तिने विचारले, "साक्षीदाराला काही मिळत नाही ना?" मी म्हणाले, "नाही." "मग येते," म्हणाली. जरासुद्धा थांबली नाही.

म्हणून असे लिहून ठेवते: माझ्या मुलीने या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केली, तर दुकान, मागचे कामाचे शेड आणि हत्यारे थोरल्याला मिळावीत आणि त्याने ती विकावीत, मी वरून काही बोलणार नाही. तिने सही केली नाही, तर हे सगळे तिचे. हे कलम ती वाचणारच. न वाचता सही करणाऱ्यांतली ती नाही.

या सगळ्याची अंमलबजावणी वकिलांनी करावी. त्यांना मी आयुष्यभर पुरेल इतका त्रास दिला आहे, अजून थोडा द्यायला हरकत नाही.

कलम आठ. हे कलम साक्षीदार आल्यावर, त्यांच्यासमोर लिहीत आहे.

शनिवार, सकाळचे अकरा. डॉक्टर आधी आले आणि त्यांनी नेमकी मोठ्या भट्टीशेजारची खुर्ची घेतली. ठिणगी वेळेवर आली. नऊ वर्षांत या दुकानात पहिल्यांदा. केस थोडे पिकले आहेत. "बरी आहेस ना?" म्हणाली, पिशवी खाली ठेवली, कागद उचलले आणि उभ्यानेच वाचू लागली.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. थोरल्याच्या कलमाला ती हसली. वखारवाल्याच्या कलमाला तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. पाचव्या कलमाला तिने कागद टेबलावर आपटला.

"आई, हे काय लिहिलंयस?"

सहावे कलम अजून पुढे होते.

"लहान भट्टीला चार इंची नळी?"

"तुझ्या बाबांची चारच होती."

"बाबांची होती. मी तीन केली. ते गेल्यावर दोन महिन्यांतच. चार इंचातून सगळी ऊब वर निघून जाते, माणूस लाकूड घालून घालून दमतो. तीन केल्यावर निम्म्या लाकडात काम व्हायला लागलं."

"मला सांगितलं नाहीस."

"तू मागे येऊन कधी विचारलंस? तुला पुढच्या ताटल्यांमधून सवड कुठे होती?"

डॉक्टरांनी खाकरल्यासारखे केले. तिने विचारले, "मी गेल्यापासून सगळ्या चारच्याच गेल्या?" नऊ वर्षांच्या लहान भट्ट्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगितले होते की तुम्हाला पेटवता येत नाही, किंवा लाकूड ओले आहे. माप चुकीचे असेल हे माझ्या मनातही आले नव्हते, कारण मापाचे माणूस मी.

यास्तव कलम चार मी मागे घेते. वखारवाल्याचे लाकूड वाळलेले होते.

ती मागे शेडमध्ये गेली. तिथून "अरे देवा" असे दोनदा ऐकू आले, म्हणजे तिने वेल्डरचे जोड पाहिले. काळे झालेले हात पुसत परत आली, स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसली आणि सहावे आणि सातवे कलम वाचले. मग सहावे पहिल्यापासून परत वाचले. मी पेनचे टोपण लावत होते, काढत होते.

"'तोवर लहान पुरेल'," ती म्हणाली. "हे तुला आठवतंय?"

"रोज."

"मला वाटायचं, तू काय बोललीस ते तुला कळलंसुद्धा नाही."

"फोन ठेवलास तेव्हाच कळलं."

"मग परत लावायचास ना!" ती वळून ओरडली. "लगेच लावायचास! मी फोनपाशीच बसले होते, आई. संध्याकाळपर्यंत बसले होते."

मी म्हणाले, "चुकलं माझं." डॉक्टर उठून खिडकीपाशी गेले आणि रस्ता बघू लागले. हे शब्द वकिलांच्या कुठल्याच कलमात बसत नाहीत, म्हणून मी ते इथे कायम करते: चूक माझी होती. ताटली उचलली ही चूक, आणि परत फोन लावला नाही ही त्याहून मोठी. तिच्या बापामागे हा धंदा तिने टिकवला, तेही इथे लिहिलेले असू दे.

तिने नाक पुसले. माझ्या हातातून पेन घेतले. डॉक्टर खिडकीपासून वळले. तिने पाचवे कलम उघडले, 'चार' खोडले, वर 'तीन' लिहिले आणि मला म्हणाली, "इथे सही कर." मी केली. मग तिने पेन टेबलावर ठेवले.

"आणि साक्षीदाराची सही?" मी विचारले.

"ती केली तर नळ्या कोण बदलणार? तुझा तो वेल्डर?"

मला हुंदका आला तो मी गिळला. ती बघत होती, पण तिने बघितले नाही असे दाखवले. तेवढे आम्ही दोघी एकमेकींसाठी नेहमीच करत आलो.

लगेच म्हणाली, "पण एक सांगते. ताटल्यांचा नियम मी पाळणार नाही. मी माणसाला विचारणार, कोण येणार आहे."

"मग सगळे वीसचीच नेतील!"

"नेऊ देत."

"आणि कडू मांस खाऊ देत? अग, तुला पुढचा धंदा कळत नाही."

"आणि तुला मागचा!"

डॉक्टरांनी विचारले, "मी सही करू का? मला दवाखान्यात जायचंय." दुकान तिचे आहे, तेव्हा नियमही तिचा. मला तो पटलेला नाही, एवढे नोंदवून ठेवते.

दुसरा साक्षीदार हवा म्हणून डॉक्टर जाऊन समोरच्या वखारवाल्याला घेऊन आले. त्याने विचारले, "काकू, मला काही ठेवलंय का?" मी म्हणाले, "तुमच्यावरचा आरोप मागे घेतलाय." तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं माझं लाकूड—" मी म्हणाले, "सही करा." त्याने केली. त्याला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, त्यामुळे तो साक्षीला पात्र आहे.

हे आठ कलमांचे मृत्युपत्र मी लिहिले, दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले, मुलीने मध्ये मध्ये हरकत घेतली, आणि तरीही ते मला पूर्ण मान्य आहे.

ठिकाण: दुकानाची पुढची खोली.
तारीख: वर कोपऱ्यात घातली आहे. वार शनिवार, दुपारचा एक वाजून गेला.

लिहून ठेवणारी: सही.

साक्षीदार एक: डॉक्टर. सही. (वाचता येत नाही, पण त्यांचीच आहे.)

साक्षीदार दोन: समोरचे वखारवाले. सही.

समासातील नोंद: साक्षीदार दोनच्या जागी आधी 'माझी मुलगी' असे लिहिले होते, ते खोडले आहे. ही खाडाखोड मी स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत केली आहे. रेघ वाकडी आली आहे, कारण ती मारताना मी मुलीकडे बघत होते. ती वयामुळे वाकडी आलेली नाही, याला दोन्ही साक्षीदार साक्षी आहेत.